आइसलँडमध्ये भाड्याची गाडी: गाडी उत्तम मिळते, विम्याचा कागद मात्र ओळ न् ओळ वाचा

आइसलँडमधली भाड्याच्या गाड्यांची सेवा चांगली आहे. गाड्या बहुतेक नव्या असतात, टायर धड असतात, काउंटरवरची माणसं इंग्रजी सफाईने बोलतात आणि बुकिंग नीट केलेलं असेल तर केफ्लाविक विमानतळावर किल्ली हातात पडायला फार वेळ लागत नाही. तरीही सहलीनंतर काही आठवड्यांनी क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम कापली जाते आणि लोक हवालदिल होतात. दर वेळी त्यात कंपनीची लबाडी असतेच असं नाही. इथला वारा, वाळू, खडी आणि नद्या गाडीचं जे करतात त्यातलं काय विम्यात बसतं आणि काय नाही, हे सही करण्याआधी वाचलेलं नसतं. तुम्ही भाड्याने घेता ती गाडी कमी आणि ते करारपत्र जास्त, हे लक्षात ठेवून निवड केली तर ही सेवा पैसे वसूल करून देते.

आधी गाडी कोणती घ्यायची ते. देशाला वळसा घालणारा रस्ता क्रमांक 1, म्हणजे रिंग रोड, साधारण 1,320 किलोमीटरचा आहे. 1974 साली दक्षिणेकडच्या स्केइदारा नदीवर पूल झाला तेव्हा हे वर्तुळ पूर्ण झालं आणि 2019 पासून तो सगळा पक्का आहे. जून ते ऑगस्टमध्ये फक्त रिंग रोड आणि गोल्डन सर्कल, म्हणजे रेक्याविकजवळच्या प्रसिद्ध स्थळांची फेरी, करायचं असेल तर आय-20 किंवा यारिसच्या वर्गातली साधी टू-व्हील ड्राइव्ह गाडी पुरते. मोठ्या गाडीवर जास्तीचे पैसे घालवण्यापेक्षा तेच विम्यावर घाला.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, लागते ती दोन कारणांनी: हिवाळा किंवा ‘एफ’ रस्ते. ज्या रस्त्याच्या क्रमांकाआधी एफ असतं, उदाहरणार्थ एफ-208 किंवा एफ-26, ते आतल्या डोंगराळ भागातले कच्चे रस्ते. तिथे फोर बाय फोरशिवाय जायला कायद्याने मनाई आहे. बर्फ वितळेल त्याप्रमाणे ते साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत एकेक करून उघडतात आणि सप्टेंबरनंतर बंद होत जातात. कायद्याने चालते म्हणून कंपनीच्या कराराने चालेलच असं मात्र नाही. काही कंपन्या छोट्या फोर बाय फोर गाड्यांनाही ठरावीक एफ रस्त्यांवर बंदी घालतात. क्रमांक 35, म्हणजे क्योलुर, या रस्त्याच्या नावात आता एफ नाही, तरी बऱ्याच कंपन्या तो डोंगरी रस्ताच धरतात. आपण जाणार त्या रस्त्यांचे क्रमांक लिहून ईमेल करायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं. काउंटरवरचं तोंडी ‘हो’ पुढे कामाला येत नाही.

इथल्या भाड्याच्या ताफ्यात डॅसिया डस्टर जागोजागी दिसते. आपल्याकडे रेनोच्या नावाने आली तीच ही गाडी. चार माणसं, दोन मोठ्या आणि दोन छोट्या बॅगा, थोडा खडीचा रस्ता, यासाठी ती सर्वांत हिशेबी आहे. गिअरजवळच्या बटणावर टू-व्हील, ऑटो आणि लॉक असे पर्याय असतात. ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर ऑटोवर ठेवा. लॉक फक्त चाक रुतलं असेल तेव्हा आणि अगदी कमी वेगात. जिम्नीची चढण्याची ताकद जास्त आहे, पण तिथे ती तीन दरवाजांची मिळते आणि मागची सीट वर असेल तर डिकीत जेमतेम एक पाठपिशवी मावते. ती दोघांसाठीच ठीक. वाऱ्यात ती हेलकावेही जास्त खाते. खोल पाण्याचे रस्ते करायचे असतील तर लँड क्रूझरच्या वर्गाखाली विचार करू नका, आणि पहिल्यांदाच जात असाल तर ते रस्ते करूच नका. का ते पुढे येईलच.

ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात आणि महाग असतात. उन्हाळ्याची बुकिंग चार-पाच महिने आधी केली नाही तर ऑटोमॅटिक फोर बाय फोर आधी संपते. तरी शक्य असेल तर ऑटोमॅटिकच घ्या. आपली सवय डाव्या हाताने गिअर टाकायची. इथे स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला आणि वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने. त्यात मारुती किंवा ह्युंदाई चालवणाऱ्यांना इंडिकेटरचा दांडा उजवीकडे सवयीचा. इथे तो डावीकडे असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी वळताना वायपर सुरू होतो. पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं फेऱ्या मारून मगच रस्त्यावर या. चूक बहुतेक वेळा रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून किंवा फोटोसाठी थांबलेल्या जागेतून बाहेर पडताना होते, कारण तिथे पाहून चालवायला समोर दुसरी गाडी नसते. शेजारी बसणाऱ्याने दर वेळी ‘उजवीकडे’ म्हणायचं, हा नियम करून टाका.

आता विमा. खरी मेख इथेच आहे.

तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा कायद्याने गाडीबरोबर असतोच. गाडीच्या नुकसानीचा मूळ विमा, ज्याला सगळे सीडीडब्ल्यू म्हणतात, तोही भाड्यात धरलेला असतो. पण तो म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे. त्यात ‘सेल्फ रिस्क’ असतो, म्हणजे इतक्या रकमेपर्यंतचं नुकसान तुमच्या खिशातून. मोठ्या गाड्यांना ही रक्कम लाखो क्रोनांत जाते. एक क्रोना साधारण 70 पैशांच्या आसपास धरून हिशेब करा. भाव थोडा हलता असतो. सुपर सीडीडब्ल्यू घेतला की ही रक्कम बरीच खाली येते. तो घ्यावा असं स्पष्ट मत आहे.

दुसरा म्हणजे खडीचा विमा, जीपी या नावाने. समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकाखालचा दगड उडून काच, हेडलाइट किंवा बॉनेटवर बसतो, त्यासाठी. हा डोळे झाकून घ्यावा. रिंग रोड पक्का असला तरी फाटे खडीचे आहेत, आणि डांबर संपून खडी सुरू होते त्या सांध्यावरच सर्वाधिक गाड्या घसरतात. ती जागा येण्याआधी पाटी असते. पाटी दिसली की ब्रेक तिथेच, डांबरावर असतानाच लावायचा. खडीवर गेल्यावर ब्रेक दाबला की मागचं चाक बाजूला पळतं. समोरून गाडी आली की वेग निम्म्यावर आणा आणि उजवीकडे सरका, दगडाचा मार कमी बसतो.

तिसरा वाळू आणि राखेचा विमा, एसएएपी. दक्षिण किनाऱ्यावर विक गावाच्या पूर्वेला मिर्दाल्ससांदुर आणि पुढे स्केइदारारसांदुर ही हिमनद्यांनी आणून टाकलेल्या काळ्या वाळूची मोठी मैदानं आहेत. जोराचा वारा सुटला की ही वाळू गाडीच्या एका बाजूचा रंग घासून काढते आणि काचा धुरकट करते. एका वादळात गाडीची अख्खी बाजू पुन्हा रंगवावी लागू शकते आणि ते बिल मोठं असतं. दक्षिण किनारा करणार असाल तर, आणि विशेषतः वसंतात किंवा शरद ऋतूत जाणार असाल तर, हा विमा घ्या. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस फक्त रेक्याविकच्या आसपास फिरणार असाल तर सोडला तरी चालेल. आणि विमा असो नसो, त्या पट्ट्यासाठी हवामान खात्याचा नारिंगी इशारा असेल तर विकमध्येच थांबा.

चोरीचा विमा वेगळा विकत असतील तर घेऊ नका. इथे गाडी चोरीला जाण्याची भीती फार कमी आहे आणि अनेक पॅकेजांत तो असाच येतो.

आता कुठल्याही विम्यात सहसा न बसणाऱ्या गोष्टी. पहिली, वाऱ्याने उलटलेला दरवाजा. हे नेमकं कसं होतं ते पाहा. गाडी वाऱ्याला पाठ करून उभी असते, तुम्ही हँडल ओढता, दरवाजा दोन बोटं उघडतो आणि तेवढ्या फटीत वारा शिरतो. दरवाजा हातातून सुटतो, अडकणीच्या पुढे जातो, बिजागरी वाकते आणि दरवाजाची पुढची कड फेंडरच्या पत्र्यात रुतते. मग दरवाजा बंद होत नाही, आणि दरवाजा बंद होत नसलेली गाडी चालवता येत नाही. म्हणजे दरवाजा, बिजागरी, फेंडर, रंग, शिवाय गाडी ओढून नेण्याचा खर्च. हे सगळं दोन सेकंदांत होतं, आणि कितीतरी पॅकेजांत ते वगळलेलं असतं. यावर उपाय साधा आहे: गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावा, एका वेळी एकच दरवाजा उघडा, एक हात हँडलवर आणि दुसरा दरवाजाच्या वरच्या कडेवर ठेवा. मागे बसलेल्या मुलांना आणि आजी-आजोबांना स्वतःहून दरवाजा उघडू देऊ नका. चाइल्ड लॉक लावून ठेवा. तिथे वारा मीटर प्रति सेकंदात सांगतात, हा आकडा फसवा आहे. ‘20’ वाचून काही वाटत नाही, पण तो ताशी 72 किलोमीटर आहे. 15 च्या वर गेला की दरवाजाची काळजी, 20 च्या वर उंच गाडी आणि कॅम्पर व्हॅन रस्त्यावर काढायची नाही. झोत सरासरीपेक्षा खूप जास्त असतात, तेव्हा झोतांचा आकडाही पाहा.

दुसरी, पाणी. एफ रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी पूल नाहीत, गाडी नदीतूनच न्यावी लागते. हवा खेचणाऱ्या नळीतून पाणी इंजिनात गेलं की संपलं: पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन बदलावं लागतं. नदी ओलांडताना झालेलं नुकसान बहुतेक करारांत सरळ वगळलेलं आहे, लँड क्रूझर घेतली तरीही. सकाळी ओलांडलेली नदी दुपारी हिमनदी वितळून फुगते, हा दुसरा धोका. थोर्समोर्क या डोंगरांमधल्या दरीत जायचं असेल तर एफ-249 वर स्वतःची गाडी घालू नका. उन्हाळ्यात उंच चाकांच्या बस जातात, त्यांनी जा. त्या वाटेवरच्या क्रोसा नदीत गाड्या अडकतात त्या चालक नवखा असतो म्हणूनच नाही, तर तिचं पात्र सतत बदलतं म्हणूनही. आतल्या डोंगराळ भागातलं लांडमानालौगर मात्र जमतं: उत्तरेकडून एफ-208 ने या, कॅम्पसाइटच्या अगदी तोंडाशी पाण्याचे दोन ओघ आहेत, त्यांच्या अलीकडे गाडी लावा आणि पायी पलीकडे जा.

तिसरी, गाडीचा खालचा भाग. दगडाला घासून तेलाचा चेंबर फुटला तर खर्च तुमचा. टायर, रिम आणि चुकीचं इंधन भरल्याने झालेलं नुकसानही बहुधा तुमच्याच नावावर. रस्ता सोडून वाळूत किंवा शेवाळावर गाडी घालणं हा तर गुन्हा आहे आणि दंड जबर आहे. शेवाळ पुन्हा वाढायला दशकं लागतात, त्यामुळे तिथली माणसं या बाबतीत अजिबात सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

बुकिंगच्या संकेतस्थळांवर ‘फुल प्रोटेक्शन’ नावाने जो स्वस्त विमा मिळतो तो वेगळा प्रकार आहे. काउंटरवर त्याला मोल नाही. कंपनी डिपॉझिट अडकवणारच, नुकसान झालं तर आधी तुम्ही भरायचं आणि मग कागद पाठवून परतावा मागायचा. भारतीय क्रेडिट कार्डावर भाड्याच्या गाडीचा विमा आपोआप असेल असंही गृहीत धरू नका. दोन कंपन्यांच्या दरांची तुलना करताना नुसतं रोजचं भाडं पाहू नका. भाडं, सुपर सीडीडब्ल्यू, जीपी, एसएएपी, दुसऱ्या चालकाचे पैसे आणि विमानतळावरून उचलण्याचा आकार, सगळं मिळवून बेरीज करा. स्थानिक कंपन्यांमध्ये हे विमे बऱ्याचदा भाड्यातच धरलेले असतात, त्यामुळे सुरुवातीला महाग दिसणारी गाडी शेवटी स्वस्त पडते.

कागदपत्रांत अडचण सहसा कार्डाची येते. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं, डेबिट कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही, परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करून मर्यादा वाढवून ठेवा. मशीनने रुपयांत घेऊ का असं विचारलं तर नको म्हणा, क्रोनातच द्या. रुपयांचा दर ते स्वतः लावतात. आपला स्मार्ट कार्ड परवाना इंग्रजीत, फोटो आणि क्रमांकासह असतो, तो तिथे चालतो, तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. शुल्क 1,000 रुपये, मुदत एक वर्ष, आणि तो मूळ परवान्याबरोबरच दाखवायचा. मोबाइलमधल्या डिजिलॉकरवर विसंबू नका. चालकाचं किमान वय साधारण 20, मोठ्या जीपला त्याहून जास्त.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. व्हिडिओ काढा: चारही रिम, काच आतून आणि बाहेरून, छत, बंपरची खालची कड, दरवाजांच्या बिजागऱ्या. गाडी ओली असेल तर ओरखडे दिसत नाहीत, फडक्याने पुसून पाहा. स्पेअर टायर आहे की नुसतं पंक्चर किट, ते उघडून बघा. एफ रस्त्यांवर जाणार असाल तर स्पेअर मागून घ्या. 1 नोव्हेंबर ते 14 एप्रिल हिवाळी टायर असतातच, पण ते खिळ्यांचे आहेत का ते विचारा. बर्फावर फोर बाय फोर गाडी सुटायला मदत करते, थांबायला नाही. थांबवतात ते टायर.

रस्त्यावरचे नियम थोडक्यात. वस्तीत 50, खडीवर 80, डांबरावर 90. यापेक्षा वर कुठेच नाही, आणि कॅमेरे आहेत. दिवे दिवसाही चालू हवेत. गाडी ऑटो लाइटवर असेल तर मागचे दिवे दिवसा लागत नाहीत, म्हणून स्विच फिरवून पूर्ण लावा. दारू पिऊन चालवण्याची मर्यादा फार खाली आहे, एक बिअरही नको. दोन लेनच्या गोल चौकात आतल्या लेनमधून बाहेर पडणाऱ्याला हक्क असतो, बाहेरच्या लेनमधल्याने थांबायचं. हे आपल्याला अगदीच नवीन आहे आणि रेक्याविकमध्ये धडक होते ती इथेच. एकेरी पुलांवर जो आधी जवळ पोहोचतो तो आधी जातो, पण समोरचा वेग कमी करत नसेल तर आपण थांबा. उत्तरेकडे आणि पश्चिमेच्या फ्योर्ड भागात काही बोगदे एकेरी आहेत: ज्याच्या उजव्या हाताला थांबण्याची खोबण आहे त्याने थांबायचं. मेंढ्या उन्हाळाभर मोकळ्या असतात. एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला कोकरू दिसलं तर ते आईकडे धावणार हे धरूनच ब्रेक लावा; मेंढी मेली तर भरपाई चालकाला द्यावी लागू शकते.

रोज सकाळी दोन संकेतस्थळं पाहायची: रस्त्यांसाठी उम्फेर्दिन डॉट आयएस आणि हवामानासाठी वेदुर डॉट आयएस. गूगल मॅप बंद रस्ताही खुशाल दाखवतो. आपत्कालीन क्रमांक 112.

इंधनाचा हिशेब: फाटे धरून रिंग रोड दोन हजार किलोमीटरच्या आसपास जातो, डस्टरला शंभर किलोमीटरला सात-आठ लिटर धरले तर दीडशे लिटर. पूर्वेकडे पंप लांब लांब आहेत, टाकी अर्धी झाली की भरा. बहुतेक पंप स्वयंसेवेचे. कार्डाला पिन लागतो, आणि ‘टाकी भरा’ निवडलं तर मोठी रक्कम काही दिवस अडकते, म्हणून आकडा टाकून भरा. बेन्सीन म्हणजे पेट्रोल. झाकणाच्या आतलं स्टिकर वाचून मगच नळी उचला. किलोमीटरप्रमाणे रस्ता कर 2024 पासून इलेक्ट्रिक गाड्यांवर लागू झाला आणि 2026 पासून तो पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवरही आहे. गाडी कुठलीही असो, हा कर भाड्यात आहे की शेवटी वेगळा लावणार, ते विचारून घ्या.

टोल फक्त एकच, आकुरेरीजवळच्या वाद्लाहेइदी बोगद्याला. तिथे नाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे ऑनलाइन भरायचे. विसरलात तर बिल कंपनीकडे जातं आणि कंपनी त्यावर आपला प्रशासकीय आकार लावते. थिंगव्हेटलिर, सेल्यालांड्सफॉस, स्काफ्टाफेल इथल्या पार्किंगचंही तसंच: फाटक नसलं म्हणजे फुकट आहे असं नाही. फलक वाचा, तिथल्या मशीनवर किंवा पार्का ॲपवर लगेच भरा आणि स्क्रीनशॉट ठेवा. कॅम्पर व्हॅन घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की पार्किंगमध्ये किंवा रस्त्याकडेला रात्र काढायला मनाई आहे. अधिकृत कॅम्पसाइटच गाठायची.

परत देताना केफ्लाविक गावात टाकी भरा, पावती जपून ठेवा. बऱ्याच पंपांवर गाडी धुण्याचे पाण्याचे ब्रश फुकट वापरता येतात. चिखलाने माखलेली गाडी दिली तर धुण्याचा आकार लागू शकतो आणि नुकसान आहे की नाही हेही कुणाला धड दिसत नाही. विमान पहाटेचं असेल तर काउंटरवर कुणी नसतं, किल्ली पेटीत टाकून जायचं असतं. अशा वेळी आदल्या रात्री उजेडात पुन्हा तोच व्हिडिओ काढा, किलोमीटरचा आणि इंधनाचा काटा दिसेल असा. नंतर कंपनीने नुकसानीचे पैसे मागितले तर फोटो आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक लेखी मागा, आणि ती खूण तुमच्या पहिल्या व्हिडिओत असेल तर ती कितव्या सेकंदाला दिसते ते लिहून उत्तर पाठवा.